म्योडलारॉइट: ओढ्याने दोन राज्यांत विभागलेल्या जर्मन खेड्याचा भूगोल-इतिहास कसा मांडावा?

जर्मनशिकाऊ_कोथरूड

नमस्कार मंडळी. ब२ पातळीच्या वर्गात 'एक लहान जर्मन खेडं' या विषयावर नकाशासह १२ मिनिटं बोलायचं आहे. म्योडलारॉइट हे गाव निवडलं आहे. आतापर्यंत हाताला लागलं ते एवढंच: वस्ती पन्नासच्या आसपास, मधून टानबाख नावाचा ओढा, निम्मं गाव बव्हेरियात आणि निम्मं थुरिंगियात, १९६६ मध्ये गावातून भिंत, १९९० मध्ये ती पाडली, अमेरिकन सैनिक गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. जिथे बघावं तिथे हीच चार वाक्यं फिरवून लिहिलेली आहेत.

चार प्रश्न आहेत:

१. ही सीमा नेमकी किती जुनी? भिंतीआधी गाव कसं चालायचं?
२. जुने नकाशे पुण्यात बसून फुकट कसे मिळवायचे? 'बायर्न-आटलास' या बव्हेरियाच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर गाव सापडलं, पण जुना थर लावला की ओढ्यापलीकडे कोरं दिसतं.
३. मूळ कागदपत्रं कोणत्या दप्तरखान्यात असतात?
४. वर्गातले दोघं उन्हाळ्यात न्यूर्नबेर्गला जाणार आहेत. तिथून हे गाव बघून येणं जमण्यासारखं आहे का?

---

शीव_आणि_शिवार

निवड चांगली आहे. पण भिंतीपासून सुरुवात केलीत तर ऐकणाऱ्याला वाटेल की हे गाव एक होतं आणि रशियन-अमेरिकनांनी ते कापलं. तसं नाही. गाव आधीपासूनच दोन धन्यांचं होतं. विसाव्या शतकात फक्त त्या जुन्या रेषेवर कुंपण आलं. बोलण्याचा कणा हा ठेवा, बाकी सगळं त्याला जोडता येतं.

आधी जागा समजून घ्या. हा फोग्टलांडचा उंचसखल टापू, साधारण ५०० ते ६०० मीटर उंचीचा, म्हणजे पुण्याच्याच उंचीचा. उंची सारखी असली तरी अक्षांश ५०च्या वर असल्यामुळे हिवाळा लांब आणि कडक. होफच्या परिसराला थट्टेने 'बव्हेरियाचा सायबेरिया' म्हणतात. जमीन पातळ, खाली पाटीचा दगड, म्हणून जुन्या घरांच्या छपरांवर आणि भिंतींवरही पाटीच्या काळ्या फरशा दिसतात. गहू-द्राक्षांचा हा मुलूख नव्हे. राय, ओट, गवत, जनावरं आणि बटाटा ही इथली शेती. याच होफ जिल्ह्यातल्या पिल्ग्राम्सरॉइट गावात १६४७ मध्ये शेतात बटाटा लावल्याची नोंद आहे. जर्मनीत शेतात बटाटा पहिल्यांदा आम्हीच लावला, असा त्या गावाचा दावा आहे. बोलताना एका वाक्यात येऊन जाऊ द्या, वर्ग जागा राहील.

टानबाख म्हणजे नदी नाही, लांब पायाचा माणूस एका ढांगेत ओलांडेल एवढा ओढा. तो हिर्शबेर्गजवळ ज़ाले नदीला मिळतो, ज़ाले एल्बेला आणि एल्बे उत्तर समुद्राला. या टापूत सीमा साधारण पूर्व-पश्चिम धावते. थुरिंगियातलं गेफेल उत्तरेला आणि बव्हेरियातलं ट्योपन दक्षिणेला. म्हणजे इथे 'पूर्व' जर्मनी उत्तरेला होती आणि 'पश्चिम' जर्मनी दक्षिणेला. नकाशा न बघता बोलणारे हमखास इथे फसतात. तुमच्या पहिल्याच पानावर उत्तरदिशेचा बाण मोठा काढा.

आता सीमेचं वय. जिथे तिथे '१८१० पासून' असं लिहिलेलं सापडेल. ते अर्धवट आहे. १८१० मध्ये बदलला तो एका बाजूचा मालक. त्याआधी दक्षिणेकडचा भाग बायरॉइटच्या मार्कग्राफांकडे, म्हणजे तिथल्या संस्थानिकांकडे होता. शेवटच्या मार्कग्राफाने १७९१ मध्ये मुलूख प्रशियाच्या हवाली केला. १८०७ मध्ये तो नेपोलियनच्या ताब्यात गेला आणि १८१० मध्ये बव्हेरियाने पैसे मोजून घेतला. पलीकडे रॉइस घराण्याचं छोटं संस्थान होतं. तेव्हा ओढ्याच्या कडेने सीमेचे दगड बसले. त्यांवर एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. हे दगड आजही गावात आहेत.

भोर, औंध, फलटण, जत आणि मधे इंग्रजी मुलूख असा आपल्याकडचा जुना नकाशा डोळ्यांपुढे आणा. फोग्टलांडचं चित्र तसंच होतं. त्यामुळे एका खेड्यात दोन सरकारं असणं हा तिथे चमत्कार नव्हता. शाळा आणि गावची खानावळ रॉइसच्या बाजूला, चर्च मात्र बव्हेरियातल्या ट्योपनला. मुलं ओढा ओलांडून शाळेत जायची, म्हातारी माणसं उलट्या दिशेने चर्चला. कर दोन ठिकाणी, कायदा दोन प्रकारचा, पण सोयरीक, शेतीची कामं आणि बिअर एकत्र. पहिल्या महायुद्धानंतर राजे-संस्थानिक गेले, १९२० मध्ये छोटी राज्यं मिळून थुरिंगिया झालं. ओढ्यावरची रेषा तशीच राहिली, फक्त तिच्या दोन्ही बाजूंची नावं बदलली.

१९४५ ची गोष्ट इथून आपोआप उलगडते. लंडनमध्ये सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मनीचे ताबा-विभाग ठरवले, तेव्हा नवी रेघ न मारता बहुतेक जुन्या राज्यांच्या हद्दीच उचलल्या. युद्धाच्या शेवटी थुरिंगियात अमेरिकन सैन्य होतं. जुलै १९४५ मध्ये ते मागे हटलं आणि सोव्हिएत सैन्य आलं. दोन संस्थानांमधली ओढ्यावरची हद्द अशा तऱ्हेने दोन महासत्तांमधली झाली. १९४९ मध्ये ती दोन देशांची सीमा बनली.

---

नकाशेकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ओढ्यापलीकडे कोरं दिसतं याचं कारण साधं आहे: बव्हेरियाने मोजणी केली ती बव्हेरियाची. 'उराउफनामे' म्हणजे १८०८ ते १८६४ दरम्यानची पहिली कर-मोजणी. मापाने १:५०००, दाट वस्तीसाठी १:२५००. सोल्नहोफेनच्या चुनखडीवर कोरून छापलेले हे नकाशे आहेत. शिळाछापाचा शोध लावणारा झेनेफेल्डर त्याच मोजणी खात्यात नोकरीला होता. घरन् घर, बांध, बागा सगळं दिसतं, पण राज्याची हद्द संपली की कागद कोरा. म्हणजे तुमचा नकाशा बिघडलेला नाही. दोन राज्यांच्या दोन स्रोतांतून गाव जोडून घ्यावं लागेल.

असं करा:

गाव शोधताना 'ओ'वरचे दोन ठिपके टंकता येत नसतील तर रोमन लिपीत 'ओ'नंतर 'ई' टाका. ठिपके नुसते गाळले तर काही शोधयंत्रं गाव दाखवतच नाहीत. बायर्न-आटलासवर आधी आजचा नकाशा ठेवून सीमारेषा बघा, मग उराउफनामेचा थर अर्धपारदर्शक करून वर आणा. मोठी प्रतिमा जतन करून ठेवा.

थुरिंगियाच्या बाजूसाठी त्या राज्याचं 'गेओपोर्टाल' आहे. आजचे नकाशे, उंचीची माहिती आणि हवाई छायाचित्रं तिथे फुकट उतरवता येतात. उंचीचं प्रारूप जरूर घ्या. त्यावर कृत्रिम सावली टाकली की ओढ्याची घळ आणि जुन्या वाटा उठून दिसतात.

दोन्ही बाजू एकत्र हव्यात तर १:२५,००० चे जुने 'मेसटिशब्लाट' पाहा. एक पान १० मिनिटं रेखांश आणि ६ मिनिटं अक्षांशाचं. इथे ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. गावाचा तपशील यात कमी, पण आजूबाजूच्या शिवारासाठी उत्तम. मापाचा अंदाज यावा म्हणून: म्योडलारॉइटची ७०० मीटरची भिंत या नकाशावर २.८ सेंटिमीटर येईल, १:५००० वर १४ सेंटिमीटर. पडद्यावर दाखवायला १:५००० च लागेल.

नकाशे एकमेकांवर बसवायला क्यूजीआयएस ही फुकट संगणक-प्रणाली वापरा. तिच्यात निर्देशांक-प्रणालीचा (ईपीएसजी) क्रमांक २५८३२ ठेवा. बव्हेरिया आणि थुरिंगिया दोघंही तीच वापरतात. शेजारचं सॅक्सनी २५८३३ वापरतं आणि ते इथून जवळच आहे, तेवढं सांभाळा. जुन्या गाउस-क्रूगर प्रणालीतला नकाशा रूपांतर न करता तसाच चढवला तर तो शंभर मीटरहून जास्त सरकतो. अख्खी भिंत ७०० मीटरची, त्यामुळे एवढ्या चुकीत घर ओढ्याच्या भलत्याच काठाला जाईल. उराउफनामेची स्वतःची प्रणाली तर त्याहून वेगळी, तिचा आरंभबिंदू म्युनिकच्या फ्राउएनकिर्शेचा उत्तर मनोरा. म्हणून तो नकाशा हातानेच बसवावा लागतो. निदान सहा खुणा घ्या आणि त्या नकाशाच्या चारही बाजूंना पसरलेल्या असू द्या. जुन्या घरांचे कोपरे, रस्त्यांचे तिठे, सीमेचे दगड या चांगल्या खुणा. ओढ्याची वळणं कधीही घेऊ नका, ओढा दोनशे वर्षांत पात्र बदलतो आणि माणसंही ते सरळ करतात.

एक सापळा: पूर्व जर्मनीचे नकाशे. तिथे १:२५,००० च्या दोन आवृत्त्या निघायच्या. एक सरकारी-लष्करी, अचूक आणि गुप्त. दुसरी इतर खात्यांसाठी, तिच्यात मुद्दाम विकृती केलेली. सीमेपलीकडचा पश्चिम भाग तर कोराच. जुन्या बाजारातून आलेला असा नकाशा कोणी दिला तर त्यावरून अंतरं मोजू नका. पण तो कोरा पश्चिम भाग वर्गात जरूर दाखवा. तुम्हाला बव्हेरियाच्या नकाशात पलीकडचं कोरं दिसलं आणि इथे अलीकडचं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती सांगण्यासारखी आहेत.

---

पाताळेश्वर_कट्टा

वरचं दोन्ही बरोबर. एक दुरुस्ती मात्र प्रश्नातच करायला हवी. भिंत म्हणजे सीमा नव्हे.

सीमा ओढ्याशी होती. भिंत त्याच्या आत, पूर्णपणे पूर्व जर्मनीच्या जमिनीवर. ओढा आणि भिंत यांच्यामधली पट्टीही पूर्व जर्मनीचीच. बव्हेरियाच्या बाजूचा कोणी चेंडू आणायला ओढ्यापलीकडे गेला तर भिंतीला हात न लावताही तो दुसऱ्या देशात घुसलेला असायचा. म्हणून पश्चिमेकडून फलक लावलेले असत. नकाशावर सीमा आणि भिंत दोन वेगळ्या रंगांत काढा, मधली पट्टी फिकी भरा.

दुसरं, '१९६६ मध्ये गाव तुटलं' असं म्हणू नका. क्रम असा आहे. १९४५ ते १९५२ सीमा होती, पण परवान्यावर शेताला, शाळेला जाता येत होतं. २६ मे १९५२ च्या हुकुमाने पूर्वेकडून सगळं बदललं: सीमेलगत १० मीटर नांगरून ठेवलेली नियंत्रण-पट्टी, त्यामागे ५०० मीटरचा संरक्षित पट्टा, त्यामागे ५ किलोमीटरचा प्रतिबंधित विभाग. म्योडलारॉइटची पूर्वेकडची घरं सरळ ५०० मीटरच्या आत. तिथे राहायला, पाहुणा बोलवायला, रात्री बाहेर पडायलाही परवानगी. त्याच उन्हाळ्यात संपूर्ण सीमेवरून 'अविश्वासू' ठरवलेल्या हजारो लोकांना घरांतून उचलून आत खोलवर नेऊन बसवलं. त्या मोहिमेचं अंतर्गत नाव 'उंगेत्सीफर', म्हणजे किडे-ढेकूण वगैरे. १९६१ च्या शरदात पुन्हा तसंच झालं. गावात १९५२ मध्ये आधी लाकडी फळ्यांचं माणसापेक्षा उंच कुंपण आलं, मग काटेरी तार, आणि १९६६ मध्ये सुमारे ३.३० मीटर उंचीची काँक्रीटची भिंत. पश्चिमेकडच्या नातेवाइकाला हात हलवून खूण करायलाही पूर्वेकडे मनाई होती.

तिसरं: सुमारे १,४०० किलोमीटरच्या सीमेवर सगळीकडे भिंत होती असा समज करून देऊ नका. बहुतेक ठिकाणी जाळीच्या लोखंडी पत्र्याचं कुंपण होतं. भिंत बांधली ती जिथे घरं सीमेला भिडलेली होती आणि पलीकडचं दिसू द्यायचं नव्हतं तिथे. म्हणून काँक्रीट मोठ्या रानात नाही, एवढ्याशा खेड्यात आलं.

---

जर्मनशिकाऊ_कोथरूड

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. जुन्या कागदात क्षेत्र 'टागवेर्क'मध्ये दिलं आहे, ते आपल्या मापात किती? आणि आजच्या नकाशावरचा भूखंड क्रमांक घेऊन जुन्या नोंदीत शोधला तर वेगळीच जमीन निघते, असं का?

---

शीव_आणि_शिवार

बव्हेरियन टागवेर्क म्हणजे ३,४०७ चौरस मीटर, आपल्या मापात ३४ गुंठ्यांना थोडं कमी. प्रशियन 'मोर्गन' दिसला तर तो २,५५३ चौरस मीटर, म्हणजे २५ गुंठ्यांच्या जरा वर. पण मोर्गन प्रत्येक राज्याचा वेगळा असायचा, त्यामुळे कागद कोणत्या सरकारचा हे आधी पाहा आणि मगच गुणाकार करा.

क्रमांकाचं म्हणाल तर पुणे जिल्ह्यात सातबारा हाताळलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. एकत्रीकरण योजना झाली की जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर येतात, आणि जुन्या नंबरवर शोधणारा भलत्याच्या बांधावर पोचतो. जर्मनीतही तेच. 'फ्लुअरबेराइनिगुंग' म्हणजे तिथली एकत्रीकरण योजना, तिचा पश्चिम जर्मन कायदा १९५३ चा. तुकडे एकत्र केले, नवे रस्ते काढले, बांध हटवले, नंबर बदलले. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारा तक्ता त्या योजनेच्या कागदांत असतो. तो मिळेपर्यंत क्रमांकावर नव्हे, शेताच्या नावावर शोधा. शेताची नावं क्रमांकांपेक्षा चिवट असतात.

ओढ्यापलीकडे हिशेब आणखी वेगळा. तिथे १९४५ च्या जमीन-सुधारणेत १०० हेक्टरवरच्या इस्टेटी बिनमोबदला काढून घेतल्या, आणि १९६० च्या वसंतापर्यंत जवळजवळ सगळे शेतकरी सहकारी शेतीत ढकलले. मालकी कागदावर राहिली, पण बांध मोडले. म्हणून आजही उपग्रहचित्रात जुनी सीमा शेतांच्या आकारावरून ओळखता येते: एका बाजूला लहान पट्टे, दुसऱ्या बाजूला अवाढव्य शेतं. गुगल अर्थवर म्योडलारॉइटपासून थोडं लांब सरकत सीमेच्या कडेकडेने जा, गावालगत चित्र तितकं ठसठशीत नसेल.

---

दप्तरी_शनिवार

तिसरा प्रश्न, कागदपत्रांचा. इथे बहुतेकांचं काम अडतं. कारण गाव एक असलं तरी दप्तरं निदान पाच ठिकाणी आहेत.

बव्हेरियाच्या अर्ध्या गावाचे सरकारी कागद बाम्बेर्गच्या राज्य दप्तरखान्यात. रॉइस संस्थानाचे ग्राइत्सला. पूर्व जर्मनीच्या काळात १९५२ मध्ये राज्यंच रद्द करून जिल्हे केले होते, तेव्हा हा भाग गेरा जिल्ह्यातल्या श्लाइत्स तालुक्यात होता. त्या काळातले गेरा जिल्ह्याचे कागद रुडोल्श्टाटला. सीमा-सैन्याचे कागद फ्रायबुर्गच्या लष्करी दप्तरखान्यात, तेही खाली थेट फ्रान्सच्या सीमेजवळ. आणि श्टाझीचे, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचे कागद जून २०२१ पासून केंद्रीय दप्तरखान्याकडे. अर्ज पाठवताना विषय, वर्षांची मर्यादा आणि गावाचा कोणता भाग, हे तीन घटक लिहिलेच पाहिजेत. 'म्योडलारॉइटबद्दल सगळं' असं लिहिलंत तर नम्र भाषेत काहीच न सांगणारं उत्तर येतं.

एक चूक अनेकजण करतात. आज थुरिंगियाकडचा भाग गेफेल नगरपालिकेत आहे, म्हणून ते गेफेलच्या जुन्या कागदांत शोधतात. पण १८१५ नंतर गेफेल स्वतः प्रशियाचं होतं, चहूबाजूंनी परक्या मुलखात अडकलेलं. आणि म्योडलारॉइट रॉइसचं. १९१२ च्या सुमाराचा मायरचा स्थलकोश ऑनलाइन आहे. त्यात गावाचं नाव उघडून त्या वेळी ते कोणत्या राज्यात, कोणत्या चर्चखाली होतं ते आधी नोंदवा. इथे दोन्ही राज्यं तपासायला विसरू नका.

रॉइसच्या कागदांत आणखी एक गंमत आहे. घराण्यातल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश. ओळखायला फक्त अंक. थोरली पाती शंभरपर्यंत मोजायची आणि मग पुन्हा एकपासून. धाकटी पाती नव्या शतकाबरोबर नव्याने मोजायला लागायची. त्यामुळे नुसतं 'हाइनरिश' वाचून राजा ठरवू नका. अंक, पाती आणि वर्ष तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चर्चच्या वह्यांसाठी: प्रोटेस्टंट वह्यांचं संकेतस्थळ 'आर्कियोन', पैसे भरून बघायचं. कॅथलिक वह्या 'मात्रिकुला'वर फुकट, पण हा मुलूख लुथरपंथी असल्यामुळे तिथे वेळ घालवू नका. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. खासगीपणाची मुदत जन्माला ११० वर्षं, विवाहाला ८०, मृत्यूला ३०. त्याआतलं फक्त थेट वारसांना मिळतं, हट्ट धरून उपयोग नाही.

लिपी ही खरी भिंत. हस्तलेख कुरेंट या जुन्या जर्मन हातलिपीत असतात. त्यातला 'ई' बघायला 'एन'सारखा दिसतो, 'यू'वर छोटी चंद्रकोर काढतात आणि ती नसेल तर अक्षर 'एन' आहे असं समजावं. मोडी वाचलेल्याला सवय लवकर होते, कारण अक्षराआधी अख्ख्या शब्दाचं वळण ओळखायचं हे तंत्र सारखंच. झ्युटरलीन ही नंतरची शालेय लिपी, १९१५ पासून शिकवली आणि १९४१ मध्ये बंद केली. ती शिकून १८१० चा कागद वाचता येईल या भ्रमात राहू नका. महिन्यांची रूपं लक्षात ठेवा: '७बेर' म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे; '८बेर' ऑक्टोबर, '९बेर' नोव्हेंबर, रोमन दहा आणि 'बेर' म्हणजे डिसेंबर. आणि १७०० च्या आधीची तारीख असेल तर जुनं पंचांग धरा. प्रोटेस्टंट जर्मन राज्यांनी त्या वर्षी १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च घेतला. मधले ११ दिवस वह्यांत सापडत नाहीत, म्हणून पान फाटलं आहे असं समजू नये.

१२ मिनिटांसाठी यातलं दहावा हिस्साही लागणार नाही. एक उराउफनामेचं पान, एक मेसटिशब्लाट आणि भिंतीच्या काळातलं एक हवाई छायाचित्र एवढं पुरे. मॅक्सम्युलर भवनच्या ग्रंथालयात विचारलंत तर फाळणीच्या काळावर वाचायलाही मिळेल.

---

पाताळेश्वर_कट्टा

१९८९ नंतरचा भाग कोणी लिहिला नाही म्हणून. बर्लिनमध्ये भिंत ९ नोव्हेंबरला उघडली, म्योडलारॉइटची नाही. इथे पायी जायचा रस्ता ९ डिसेंबर १९८९ ला उघडला. त्याच दिवशी पंधरा-वीस किलोमीटरवर होफमध्ये पूर्व आणि पश्चिमेतले निसर्गप्रेमी एकत्र बसले आणि सीमेची पडीक पट्टी 'हिरवा पट्टा' म्हणून राखायचा ठराव केला. चाळीस वर्षं नांगर, खत, घरं काहीच न आल्यामुळे तिथे जमिनीवर घरटं करणारे पक्षी टिकून राहिले होते. थुरिंगियाने २०१८ मध्ये आपल्या हद्दीतला पट्टा राष्ट्रीय निसर्ग-स्मारक म्हणून जाहीर केला. भिंत बुलडोझरने पाडली १७ जून १९९० ला. ती तारीख १९५३ च्या पूर्व जर्मन उठावाची, मुद्दाम निवडलेली. एक तुकडा ठेवून त्याभोवती खुलं संग्रहालय उभं केलं. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेले होते. पाहिजे तर छायाचित्र लावा, पण त्यावर एक मिनिटही घालवण्यासारखं त्यात काही नाही.

आजही गाव एक झालेलं नाही, एवढंच नीट सांगा. एका काठाचा पिन ९५१८३ ट्योपन, दुसऱ्याचा ०७९२६ गेफेल. गाड्यांच्या पाट्या एका बाजूला होफ जिल्ह्याच्या, दुसऱ्या बाजूला ज़ाले-ओर्ला जिल्ह्याच्या. दोन नगराध्यक्ष, दोन विधानसभा, दोन शाळा-मंडळं. १९९० नंतर दोन्ही अर्धी एकाच राज्यात घ्यायचं कायद्याने अशक्य नव्हतं, पण तसं झालं नाही. वर्गाने 'का?' विचारलं तर पहिल्या उत्तरातल्या सीमेच्या दगडांकडे बोट दाखवा.

---

नकाशेकर

चौथा प्रश्न राहिला. न्यूर्नबेर्गहून होफपर्यंत प्रादेशिक रेल्वे आहे, पुढे गावाला रेल्वे नाही. बायर्न-तिकीट कामाच्या दिवशी सकाळी ९ पासून चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. होफच्या पुढे खेड्यांतल्या बस शाळेच्या वेळापत्रकावर बांधलेल्या असतात. शाळेला सुट्टी किंवा रविवार असेल तर फेऱ्या एकदम कमी होतात, काही फेऱ्यांना आधी फोन करून गाडी सांगून ठेवावी लागते. वेळापत्रकात बसच्या वेळेशेजारी बारीक अक्षर किंवा खूण असेल तर खाली तिचा अर्थ वाचल्याशिवाय त्या बसवर विसंबू नये. उन्हाळ्यात दोन राज्यांच्या शाळांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना असतात, त्यामुळे ट्योपनकडून बस बंद आणि गेफेलकडून चालू, किंवा उलट, असं होऊ शकतं. चौघं असाल तर होफमधून गाडी भाड्याने घेणं सोपं पडेल. आ७२ महामार्गावर 'होफ/ट्योपन' असा उतार आहे, तिथून ट्योपनमार्गे गाव.

सणांचंही तसंच. ६ जानेवारी, फ्रोनलाइखनाम (मे-जूनमधला एक कॅथलिक सण) आणि १ नोव्हेंबरला बव्हेरियाचा काठ बंद असतो आणि थुरिंगियाचा चालू. २० सप्टेंबर आणि ३१ ऑक्टोबरला नेमकं उलट. सोमवारी जर्मनीतली बरीच संग्रहालयं बंद असतात, संग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

सीमेच्या कडेने चालायचं तर जुना गस्तीचा रस्ता आहे: भोकं पाडलेल्या काँक्रीटच्या फरशांच्या दोन समांतर ओळी. भोकांत टाच अडकते, ओल्या गवतात फरशी दिसतही नाही. जाड तळाचे, घोट्यापर्यंतचे बूट घाला. गवतात गोचीड असतात आणि हा पट्टा गोचीडातून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या भागात मोडतो. त्याची लस तीन डोसांची असते, म्हणून उन्हाळ्यात जायचं तर आत्ताच डॉक्टरांना विचारावं. पूर्ण लांबीची पँट घाला, मोजे पँटवर ओढा, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे व काखेत तपासून बघा.